साल सुटायचे दिवस

सकाळी सातला मोबाइल केकाटला की त्या घरात हातातले काम तिथेच थांबायचे. बादली भरून वाहत असली तरी वाहू दे. ओले हात पुसत ती फडताळातला डबा काढायची, त्यातल्या दोन गोळ्या आणि एक पांढरी कॅप्सूल तळहातावर घ्यायची आणि नवऱ्यापुढे जाऊन उभी राहायची. नवरा उंबऱ्यात बसलेला असायचा. तो त्या बोटांनी उचलून तोंडात टाकायचा, पाणी प्यायचा, आणि मग घर पुन्हा चालू व्हायचे. संध्याकाळी सातला परत तेच. दोन वर्षे झाली, एका दिवसाचा खाडा नव्हता.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या, तेव्हा त्याच्या थोरल्या बहिणीने आपली एक काढून दिली. लग्न न केलेली ही नणंद त्याच घरात राहायची, तोंडाने फटकळ आणि कामाला वाघ. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना समोर बसवून सांगितले होते, "शरीर परक्या अवयवाला कधीच आपला म्हणत नाही. या गोळ्या शरीराला दाबून ठेवतात. गोळी चुकली की शरीर त्या किडनीवर तुटून पडणार, लक्षात ठेवा." नवरा लगेच विसरला असेल. तिने मात्र ते वाक्य घरी आणले.

घरामागे संत्र्याची रोपवाटिका होती. आंबट रानलिंबाची रोपे पिशव्यांत वाढवायची, पेन्सिलीएवढी जाड झाली की त्यांच्या सालीला चीर द्यायची, आणि गोड संत्र्याच्या काडीवरून उचललेला कोंबाचा डोळा त्या चिरेत सरकवून वरून पट्टी आवळायची. डोळा लागला की पट्टी सोडायची आणि वरचा रानलिंबाचा शेंडा छाटून टाकायचा. खाली मूळ आणि खुंट रानलिंबाचे, वर झाड संत्र्याचे. नवऱ्याला पंचक्रोशीत कलमवालाच म्हणत. त्याने बांधलेले शंभरातले पंच्याण्णव डोळे जगायचे, असे लोक सांगायचे, आणि तोही सांगायचा.

पण त्या पांढऱ्या कॅप्सूलने त्याचे हात कापायला लागले. "थोडी थरथर होते हो, घाबरू नका," असे दवाखान्यातली नर्स म्हणाली होती. भात कालवणाऱ्याला किंवा गाडी हाकणाऱ्याला ती थोडीच असेल. नखाएवढा डोळा चाकूच्या टोकावर धरून सालीखाली घालणाऱ्याला ती थोडी नव्हती. गेल्या वर्षी निम्मे डोळे काळे पडून गळाले. नवऱ्याने दोष उन्हाला दिला, काडीला दिला, पट्टीला दिला. नणंदेने त्याच्या हाताकडे बघितले आणि पहिल्यांदाच तोंड मिटून घेतले.

या वर्षी खुंटाची साल सुटायचे दिवस आले तसा एक बागवाला नवी बाग लावायची म्हणून आला. जाड, घामाघूम, हातात गाडीची किल्ली फिरवत असलेला माणूस. त्याला तीन हजार रोपे हवी होती. नवऱ्याने नमुना म्हणून एक डोळा बांधून दाखवायला घेतला. चाकू सालीवर टेकला आणि सरकला. पुन्हा टेकला, पुन्हा सरकला. खुंटाला तीन आडव्यातिडव्या चिरा पडल्या.

"काय राव," बागवाला हसत म्हणाला, "सकाळी सकाळीच घेता वाटतं?"

त्याच्याबरोबरचे दोघे खो खो हसले. नवराही हसला. ते त्याचे हसणे तिला बघवले नाही, ती पट्ट्यांचा गठ्ठा उगाच सोडून पुन्हा बांधत राहिली.

"बघा बुवा," बागवाला जाताना म्हणाला, "साल सुटतेय तोवर झालं तर झालं. कोरडा वारा सुरू झाला की मला दुसरा कलमवाला गाठावा लागेल. तुमच्या बापाचं नाव ऐकून आलो होतो."

साल सुटायचे दिवस म्हणजे जेमतेम महिनाभराचे. खुंटात रस चढलेला असतो, चाकूचे टोक लावले की साल खोडापासून अल्लद सुटते. एकदा कोरडा वारा सुटला की साल खोडाला चिकटली, मग देव आला तरी डोळा बसत नाही. त्या रात्री नवरा जेवला नाही. "डोकं दुखतंय," एवढेच म्हणाला.

आठवड्याभराने चमत्कार झाला. नवऱ्याचा कापरा हात ठरला.

पहिल्यांदा नणंदेच्या लक्षात आले. ती संत्र्याच्या मातृवृक्षांवरून काड्या कापून आणायची, नवरा डोळे बसवायचा आणि बायको त्याच्या मागोमाग वाकून पट्ट्या बांधत जायची. "अरे धाकट्या," नणंद ओरडली, "आज काय खाल्लंयस? बापासारखा हात चाललाय की!" नवरा लाजल्यासारखा हसला. एक उभी चीर, एक आडवी, टोकाने साल उचलली, डोळा आत. तिला पट्टी बांधायला फुरसत मिळेना. दिवसाला दीडशे, मग एकशे ऐंशी. संध्याकाळी तिघे ओट्यावर पाय पसरून बसत, नणंद बागवाल्याच्या चालण्याची नक्कल करी, आणि ती हसता हसता नवऱ्याच्या हाताकडे बघी. हात मांडीवर शांत पडलेला असायचा.

सुरुवातीचे चार दिवस ती आनंदात होती. पाचव्या दिवशी पाणी भरताना तिच्या मनात आले, हात आपोआप कसा ठरला? डॉक्टरीणबाईंनी तर काहीच बदलले नव्हते. तिने तो विचार झटकला. आपल्या माणसाचे बरे झालेले आपल्यालाच सोसत नाही की काय, असे स्वतःला दटावले. पण भीती एकदा घरात शिरली की काढता पाय घेत नाही. ती नवऱ्याच्या चपलेचा पट्टा बघायला लागली. पट्टा एक भोक सैल केलेला होता. मग तो चपला सोडून रबरी बूट घालायला लागला. "काटे टोचतात," म्हणाला. दुपारी पूर्वी तीनदा लघवीला बांधापलीकडे जाऊन येणारा माणूस आता एकदाही उठत नव्हता. सकाळी त्याचा चेहरा उशीवरून उठताना सुजल्यासारखा दिसायचा आणि ती म्हणायची, झोप नीट झाली नसेल.

एके दिवशी भर कामात चाकूची धार गेली. नवरा ओळीच्या मध्यावर गुडघ्यावर बसलेला, उठायला जड जात होते. "जा गं, दगड घेऊन ये," नणंद म्हणाली. धारेचा दगड बापाच्या वेळचा. तो एका कातडी पिशवीत असायचा आणि नवऱ्याखेरीज त्याला कोणी हात लावत नसे.

"तू राहू दे," नवरा घाईने म्हणाला, "मी जातो." पण तोवर ती शेडपाशी पोहोचली होती.

पिशवीत दगडाखाली काहीतरी मऊ लागले. तिने पिशवी पालथी केली. पांढऱ्या कॅप्सूल. घामाने एकमेकींना चिकटून त्यांचा गोळा झालेला, मूठभर. ती तिथेच खताच्या पोत्यावर बसली. रोज ती डोळ्यांत तेल घालून बघत होती आणि रोज या माणसाने दोन बोटांच्या बेचक्यात कॅप्सूल लपवली होती. नखाएवढा डोळा बोटांत धरून सालीखाली घालणारी ती बोटे, त्यांना हे काय अवघड!

नवरा दारात आला. धापा टाकत होता.

"किती दिवस?" तिने विचारले.

"हळू बोल. आक्का ऐकेल."

"किती दिवस म्हणते मी!"

"अठरा-एकोणीस. बाकीच्या दोन घेतोय गं. ही एकच सोडली."

"फेकल्या का नाहीत मग?"

"टाकवेनात." तो खाली बसला. "माझं ऐक जरा. आपण पट्टी किती दिवस ठेवतो? डोळा लागेपर्यंत. लागल्यावर तशीच ठेवली तर काय होतं? खोडात रुतते. डोळ्याला फास बसतो. आक्काची किडनी लागून दोन वर्षं झाली. आता ती माझीच की. पट्टी कधी ना कधी सोडायला नको का?"

तिला सगळ्यात जास्त भीती वाटली ती याची, की त्याचे बोलणे खरे वाटत होते. तिने स्वतःच्या हाताने हजारो पट्ट्या सोडल्या होत्या. चार दिवस उशीर झालेली पट्टी खोडाला कशी कापते, ते तिने पाहिले होते.

"पण तुमचे पाय..."

"उभं राहून काम होतंय, पाय सुजणारच. चार दिवस. फक्त चार दिवस दे मला. डोळे पुरे होऊ देत, मग तू म्हणशील तसं. आक्काला नको सांगू. तुला माझी शपथ."

ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. कॅप्सूलचा गोळा तिने अंगावरच्या कामाच्या सदऱ्याच्या खिशात टाकला आणि दगड नेऊन नणंदेला दिला. त्या संध्याकाळी सातला मोबाइल केकाटला. तिने तिन्ही औषधे तळहातावर घेतली. नवऱ्याने तिच्या डोळ्यांत बघत दोन उचलल्या. तिसरी तशीच राहिली. ती तिने पुन्हा डब्यात ठेवली, स्वतःच्या हाताने. नणंद मागे भांडी लावत काहीतरी गुणगुणत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळचीही कॅप्सूल डब्यात ठेवून ती जीव मुठीत धरून कामाला आली. नवरा यंत्रासारखा डोळे बसवत होता. अधूनमधून डावा हात सदऱ्याखाली घालून ओटीपोटाची उजवी बाजू दाबायचा. बहिणीची किडनी तिथेच बसवलेली होती. ती पट्टीचे दोन वेढे घ्यायच्या ऐवजी चार घेत होती, हे तिला नणंदेने सांगितल्यावर कळले.

"आज ध्यान कुठंय तुझं?" नणंद म्हणाली. "जा, गेल्या वर्षीच्या रोपांची रानफूट काढ जरा. या गडबडीत तिकडं कोणी फिरकलंच नाही."

रानफूट काढणे हे तिचेच काम होते. डोळा लागला, पट्टी सुटली, संत्र्याची फांदी वीतभर वाढली, तरी खालचा रानलिंबाचा खुंट गप्प बसत नाही. सालीतून सारखे काटेरी धुमारे काढत राहतो. ते कोवळे असतानाच अंगठ्याने चोळून टाकायचे. कंटाळवाणे, कंबर मोडणारे काम, त्याला कोणी कसब म्हणत नाही. ती ओळीमागून ओळ चोळत गेली. हात चालत होते आणि मन चपलेच्या पट्ट्यापाशी होते.

पाण्याच्या टाकीमागच्या ओळीत ती थबकली. ही ओळ तिच्या नजरेतून सुटली होती. एका पिशवीतले रोप कमरेएवढे झाले होते, हिरवेगार, तुकतुकीत, बोटबोट लांब काट्यांचे. तिला क्षणभर कौतुक वाटले. मग तिने वाकून पाहिले. ते सगळे रानलिंबू होते. त्याच्या पोटाशी संत्र्याची फांदी होती, पिवळी पडून वाळलेली. बोट लावले तशी ती मोडून हातात आली.

त्या फांदीची पट्टी वर्षापूर्वीच सुटली होती.

तिच्या कानात डॉक्टरीणबाईंचे वाक्य वाजले. परक्याला कधीच आपला म्हणत नाही. ती पिशवी उचलून पळत निघाली. काटे दंडाला ओरबाडत होते, गालाला लागत होते, तिला शुद्ध नव्हती. नवऱ्यापुढे तिने ती पिशवी आदळली.

"याची पट्टी कधी सोडली होती?"

नवरा दचकला. "गेल्या वर्षी. का गं?"

"डोळा लागला होता?"

"लागला होता की. चांगला वाढला होता."

"मग मेला कशानं?"

काड्यांची जुडी घेऊन नणंद जवळ आली होती. "कशानं म्हणजे? रानफूट काढली नाहीस म्हणून. तुला सांगायला पाहिजे होय?"

"कधीपर्यंत काढायची असते ती, वन्सं?"

"हे काय विचारणं झालं? झाड आहे तोवर. बापानं लावलेल्या झाडांची मी अजून काढते. खुंट कधी विसरतो का तो रानलिंबू आहे म्हणून?"

तिने खिशातला कॅप्सूलचा गोळा काढला आणि पिशवीतल्या मातीवर ठेवला. "ही पट्टी नाही हो. ही रानफूट काढायची गोळी आहे. रोजची. जन्मभराची. तुम्ही अठरा दिवस काढली नाहीत, आणि कालपासून मी... मी पण नाही काढली."

नणंद कॅप्सूलकडे बघत राहिली. मग भावाच्या तोंडाकडे. तिचा हात नकळत स्वतःच्या कुशीवर, जिथे टाके होते तिथे गेला. ती आता आकाशपाताळ एक करणार म्हणून बायको अंग चोरून उभी राहिली.

"बूट काढ," नणंद म्हणाली.

"आक्का, अगं..."

"बूट काढ म्हणते ना."

बूट निघेना. नवऱ्याने ओढले, बायकोने ओढले. नणंदेने त्याच्या हातातला चाकू काढून घेतला, बुटाच्या रबराला वरून खाली चीर दिली आणि दोन्ही बाजूंनी रबर फाकवले. पाय फुगून लालसर झाला होता. तिने अंगठ्याने दाबले. खळगा पडला तो तसाच राहिला. तिघेही त्या खळग्याकडे बघत होते आणि तो भरून येत नव्हता.

दुधाची गाडी रस्त्याला लागत होती. नणंद हात हलवत धावली.

दवाखान्यात त्याला लगेच आत घेतले. बायको बाहेरच्या बाकावर बसून होती. काट्यांनी ओरबाडलेल्या दंडावर रक्त वाळले होते. तिला एकच वाटत होते, काल संध्याकाळी आपण ती कॅप्सूल डब्यात ठेवली. कालची एक घेतली असती तर? नणंदेने पाण्याची बाटली पुढे केली, तिने नको म्हटले, नणंदेने बळेच तोंडाला लावली.

तीन दिवस शिरेतून औषध चालले. चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या. "काही वाचलंय, काही गेलंय," त्या म्हणाल्या. "गेलेलं परत येत नाही. उरलेलं किती वर्षं चालेल हे आता तुमच्यावर आहे. का सोडलंत?"

"हात कापतात म्हणून," नवरा पुटपुटला.

"मग मला सांगायचं होतं! मात्रा बसवून देता येते, औषध बदलता येतं. तुम्ही काम काय करता?"

"संत्र्याचे डोळे बांधतो. चाकूचं काम आहे."

दोन वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, आणि त्यानेही सांगितले नव्हते. बाईंनी ते कागदावर लिहून घेतले.

त्या गेल्यावर नवरा भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "आक्का, मार मला."

"मारून काय होतंय," नणंद म्हणाली. "दिलेलं मी काढत बसत नाही. पण टाकायचंच होतं तर आधी मला विचारायचंस रे. माझ्याच अंगातलं होतं ते." एवढे बोलून ती आपली पिशवी उचलून गावाकडे निघाली. जाताना, बूट चिरून बरोबर आलेला, भावाच्या उशाजवळ ठेवलेला चाकू तिने मागितला. बापाने तो चाकू धाकट्याच्या हातात दिला होता आणि हिला जन्मभर काड्या धरायला लावले होते. तो त्याने मुकाट्याने दिला.

दहा दिवसांनी नवरा घरी आला तेव्हा कोरडा वारा सुरू झाला होता. नणंदेने एकटीने साडेतीनशे डोळे बसवले होते, स्वतःच पट्ट्याही बांधल्या होत्या. तीन हजार काही झाले नाहीत. बागवाला येऊन नाक मुरडून गेला, झाली तेवढी घेतो म्हणाला. "माझे पण डोळे काळे पडलेत थोडे," नणंद म्हणाली, "पण तुझ्या गेल्या वर्षीपेक्षा कमी." नवरा हसला, आणि या वेळी ते हसणे बायकोला बघवले.

आता बायको एकेक गोळी हातात देते, बोटे फाकवायला लावते, जीभ उचलून दाखवायला लावते. तो निमूट दाखवतो. पण घरी आल्यावरही दोन दिवस त्याचे हात तसेच ठरलेले होते, आणि ते शांत हात बघून तिच्या काळजात धस्स व्हायचे. कुठे लपवत असेल? कसे लपवत असेल? डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, नव्या मात्रेने थरथर कमी राहील. तिला कमी नको होती; थरथर म्हणजे औषध पोटात गेल्याची खूण. ती दगडाची पिशवी झाडायची, उशी चाचपायची, आणि चाचपताना लाजायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला मोबाइल केकाटला. तिने पांढरी कॅप्सूल दिली. नवऱ्याने पाण्याचा ग्लास उचलला, आणि त्यातले पाणी कडेकडेने बारीक हलायला लागले. ओठांपर्यंत जाईतो थोडे त्याच्या सदऱ्यावर सांडले.

"सांडलं," तो ओशाळून म्हणाला.

"सांडू दे," ती म्हणाली, आणि त्याचा कापणारा हात दोन्ही हातांत धरून तिथेच उंबऱ्यात बसली. मागे बादली भरून वाहत होती.